इव्हॅपोरेटरची नळी कधी धुवायची?

निवळलेला उसाचा रस साधारण १५ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर भागांत पंधरा भाग विरघळलेले घन पदार्थ. त्याचं ६० ब्रिक्सचं सिरप करायचं, तर टनामागे पाऊण टन पाणी उडवावं लागतं. साखर कारखान्यात हे काम इव्हॅपोरेटर करतो. ओळीने उभ्या चार-पाच बॉड्या आणि प्रत्येकीत नळ्यांचा कॅलेंड्रिया. नळ्यांच्या आत रस, बाहेर वाफ. पहिल्या बॉडीतल्या रसातून निघालेल्या वाफेवर दुसरी तापते, दुसरीच्या वाफेवर तिसरी. लुइझियानाचे कृष्णवर्णीय अभियंते नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४३मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. महाराष्ट्रातले कारखानेही याच तत्त्वावर चालतात.

गाळप सुरू झालं की नळ्यांना आतून स्केल धरू लागते. रस निवळताना घातलेला चुना, गंधकाचा धूर, उसातली सिलिका यांचीच ती खपली. शेवटच्या बॉडीत रस सर्वांत घट्ट, म्हणून तिथली स्केल सर्वांत चिवट.

चालू बॉडी उघडून पाहता येत नाही. सिरपचा ब्रिक्स घसरला की संशय येतो, पण तो घसरू नये म्हणून ऑपरेटर पहिल्या बॉडीला येणाऱ्या एक्झॉस्ट वाफेचा दाब आधीच वाढवतो. ब्रिक्स सावरतो आणि स्केल झाकली जाते. म्हणून जाणता केमिस्ट मागच्या सफाईनंतरच्या नोंदी काढून आजच्या नोंदींशी ताडतो. गाळप तेवढंच, ब्रिक्स तेवढाच, पण वाफेचा दाब रोज थोडा वर आणि वाफ व रस यांच्या तापमानातलं अंतर वाढतं, तर स्केल चढते आहे. रस तापवणाऱ्या ज्यूस हीटरच्या नळ्यांतही स्केल धरते. तिथे रस ठरल्याइतका तापत नाही आणि पंपाचा दाब मात्र वाढतो.

सगळा दोष स्केलचाच असतो असं नाही. कॅलेंड्रियात हवा अडकली, कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, तुंबलं किंवा व्हॅक्यूम गळला तरी हीच लक्षणं दिसतात. मात्र स्केल दिवसागणिक चढते. हे बिघाड बहुधा एखाद्या शिफ्टमध्येच उपटतात. बॉडी थांबवण्याआधी ते तपासावेत.

कंडेन्सेट बॉयलरला जातं, म्हणून त्यात साखर उतरते का हे अल्फा-नॅप्थॉलने बघतात. जांभळं कडं दिसलं तर नळी फुटल्याची शंका घ्यावी. तिथे नुसती सफाई पुरत नाही, दुरुस्तीच हवी.

सफाई म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची उकळी, मग पाणी, मग ब्रश किंवा जोरदार पाण्याचा मारा. त्यासाठी गाळप थांबतं, म्हणून ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. पण स्केलमुळे गाळपाचा वेगच कमी करावा लागला, तर सफाईला उशीर झालाच असं समजावं.