आकड्यांतला समाज (भाग 6) : जिल्ह्याचा आकडा आणि परंडा तालुका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा (1992-93, 1998-99, 2005-06) नमुना राज्यापुरता बेतलेला होता. जिल्हावार अंदाज प्रथम मिळाले ते 2015-16 च्या चौथ्या फेरीत. 2019-21 ची पाचवी फेरी झाल्यावर तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात काय बदलले हे एकाच मापाने तपासता येऊ लागले. या सर्वेक्षणाचे काम मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होते.

दोन्ही फेऱ्यांसाठी गावांची यादी 2011 च्या जनगणनेतून घेतली गेली. निवडलेल्या गावातली घरे आधी नोंदवायची आणि त्यांतून ठरावीक अंतराने 22 घरे काढायची, अशी पद्धत होती. निवडलेल्या घराला कुलूप असेल, तर पुन्हा जायचे. शेजारचे घर घेऊन संख्या भरायची नाही. हा नियम फार मोलाचा आहे. कारण कुलूप लागलेली घरे आणि उघडी घरे सारखी नसतात.

जिल्ह्याच्या वाट्याला साधारण 900 घरे येतात आणि तालुके आठ. त्यामुळे परंडा तालुक्याचा वेगळा आकडा या सर्वेक्षणातून काढता येत नाही, काढूही नये. जिल्ह्याचा आकडासुद्धा जपून वाचावा लागतो. एखादा प्रश्न फक्त 150 जणींना लागू पडत असेल आणि उत्तर 30 टक्के आले, तर खरे प्रमाण साधारण 23 ते 37 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. नमुना गावागावांतून गटाने घेतलेला असल्याने ही अनिश्चितता प्रत्यक्षात आणखी वाढते. दोन फेऱ्यांत चार टक्क्यांचा फरक दिसला, म्हणून जिल्हा सुधारला किंवा घसरला असे म्हणता येत नाही.

आकडा जपून का वाचावा, याचे बालविवाहाचा आकडा आणखी एक चांगले उदाहरण आहे. 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले, त्यांचे महाराष्ट्रातले प्रमाण तिसऱ्या फेरीत 39.4 टक्के, चौथीत 26.3 आणि पाचवीत 21.9 होते. उतार स्पष्ट आहे. पण 2019 मध्ये या वयोगटात असलेल्या मुली 2013 ते 2017 च्या सुमारास अठरा वर्षांच्या झाल्या. म्हणजे हा आकडा त्यापूर्वीच्या लग्नांविषयी बोलतो. धाराशिव जिल्हा 2018 मध्ये केंद्र सरकारच्या मागास जिल्ह्यांसाठीच्या कार्यक्रमात आकांक्षित जिल्हा ठरला. त्यानंतरच्या कामाचे फळ पाचव्या फेरीतल्या या आकड्यात शोधणे चूक ठरते.

भूम, परंडा, वाशी या पट्ट्यात सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीचा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आसपास गाव सोडतो आणि गाळप हंगाम संपल्यावर परततो. मागे म्हातारी माणसे राहतात, कधी शाळेतली मुले. आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्या स्त्रियांचीच माहिती कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात धरली जाते. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातले काम जून ते डिसेंबर 2019 या काळात झाले. जुलैत आणि डिसेंबरात अशा गावात भेटणाऱ्या स्त्रिया त्याच नसतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने 2007-08 च्या 64व्या फेरीत एक ते सहा महिन्यांच्या रोजगार-स्थलांतराची वेगळी नोंद घेतली होती. पाच-सहा महिने बाहेर राहणारा तोडणी कामगार नेमका या व्याख्येच्या काठावर येतो.

2025 पासून रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणाची रचना बदलली. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक झाला आणि एकाच घराला लागोपाठ चार महिने भेट दिली जाऊ लागली. सप्टेंबरात निवडलेले घर डिसेंबरपर्यंत नजरेखाली राहते, त्यामुळे तोडणीला जाण्याआधीची आणि नंतरची स्थिती एकाच घराबाबत टिपण्याची शक्यता त्यात आहे.

गावांची मूळ यादी मात्र जनगणनेचीच राहते. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला, ऐन हंगामात झाली. त्या सबंध काळात बाहेर असलेल्यांची नोंद जिथे मुक्काम तिथे व्हायची होती. मोठ्या गावाची निवड होण्याची शक्यता अधिक असते, आणि गावाचे हे मोठेपण फेब्रुवारीतल्या मोजणीवरून ठरते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तेव्हाही अनेक कोयते फडातच असतील.