बंद म्हणजे नक्की किती बंद?

मे महिन्याच्या अखेरीस पुसदवर वळवाचं आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि पहिला थेंब पडायच्या आधीच लाइन जाते. झेरॉक्सची दुकानं, ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रं, कर सल्लागारांची ऑफिसं, सगळीकडं यूपीएस एकदम टीं-टीं करू लागतात. दोन हजारच्या दशकात भारनियमनाचं वेळापत्रक असायचं, त्यामुळं निदान वेळ तरी माहीत असे. वादळात जाणारी लाइन सांगून जात नाही. जुन्या बॅटरीच्या जोरावर मिळतात ती मोजकी मिनिटं. तेवढ्यात अर्धवट भरलेला अर्ज, उघडं टॅली आणि चार फायली सांभाळून संगणक बंद करायचा असतो, आणि स्टार्ट मेन्यूतून पॉवरचं चिन्ह गाठताना माउस नेमका तेव्हाच भलतीकडं जातो.

यावर उपाय सोपा आहे. बंद करण्याचा हुकूमच डेस्कटॉपवर आयकॉन म्हणून ठेवता येतो. पण कुठला हुकूम ठेवायचा, हे ठरवण्याआधी ‘बंद’चे प्रकार माहीत हवेत.

पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं. त्या काळातल्या पीसीला खराखुरा खटका असायचा. तो पाडला की वीज तुटली, विषय संपला. विंडोज ९५ सुद्धा अशा यंत्रांवर आपलं काम आवरून ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची पाटी दाखवायचं आणि खटक्याची वाट बघत बसायचं. विंडोज ९५ आलं त्याच वर्षी इंटेलनं एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाची भूमिका बदलली. तेव्हापासून समोरचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. तो इशारा ऐकण्यापुरती पाच व्होल्टची बारीकशी धार ‘बंद’ संगणकातही चालूच असते. संगणक साफ अडकला, तर तेच बटण चारेक सेकंद दाबून ठेवलं की तो बंद पडतो. मात्र त्यात काहीही सेव्ह होत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक जाहीर केलं. वीज कधी, कशाला आणि किती द्यायची याचा कारभार त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला. त्यात झोपेच्या पायऱ्या ठरल्या. ‘स्लीप’मध्ये प्रोसेसर थांबतो, पण रॅम जागी राहते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम पुन्हा भरून घ्यावी लागते. वीज तुटली की ही भरणी थांबते आणि रॅममधलं सगळं पुसलं जातं. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधला मजकूर आधी डिस्कवर उतरवला जातो, मग यंत्र बंद होतं. पुढं वीज दोन तासांनी आली काय किंवा दोन दिवसांनी आली काय, उघड्या खिडक्या जशाच्या तशा परत मिळतात.

तिसरा प्रकार ‘शटडाउन’, आणि खरी गंमत इथंच आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. तेव्हापासून मेन्यूतून शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री इमानदारीनं बंद केलेला संगणकही तिथं कित्येक दिवसांचा आकडा दाखवू शकतो. रुसलेला प्रिंटर शटडाउननं सुधारत नाही आणि रीस्टार्टनं सुधारतो, याचं कारण बरेचदा हेच असतं. रीस्टार्टमध्ये गाभा नव्यानं उभा राहतो.

आता आयकॉन. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा, न्यू आणि मग शॉर्टकट निवडा. चौकटीत इंग्रजीत लिहा: शटडाउन, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश टी, स्पेस, शून्य. यातला ‘एस’ म्हणजे बंद कर आणि ‘टी’ म्हणजे किती सेकंदांनी. असा हुकूम दिला की फास्ट स्टार्टअप बाजूला राहतं आणि संगणक पूर्ण बंद होतो. ‘एस’च्या जागी ‘आर’ लिहिला की रीस्टार्ट. हायबरनेटसाठी शटडाउन, स्पेस, स्लॅश एच एवढंच पुरतं. ती सोय बंद असल्याचा संदेश आला, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश हायबरनेट, स्पेस, ऑन हा हुकूम द्यावा लागतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चेंज आयकॉन केलं की पॉवरचं चिन्हही लावता येतं.

एक मेख लक्षात ठेवा. ‘टी’पुढं शून्य असेल, तर सेव्ह न केलेली फाइल दिसल्यावर विंडोज थांबून विचारतं. शून्याहून मोठा कुठलाही आकडा घातला, की वेळ संपताच उघडे प्रोग्रॅम न विचारता बंद केले जातात. रात्री मोठं डाउनलोड लावून ‘३६००’ लिहिलं, म्हणजे तासाभरानं संगणक आपोआप बंद होईल, पण त्याआधी सगळं सेव्ह केलेलं हवं. बेत बदलला तर मोजणी संपायच्या आत शटडाउन, स्पेस, स्लॅश ए दिलं की हुकूम रद्द होतो. त्याचाही एक आयकॉन शेजारी असलेला बरा.

वीज बेभरवशाची असेल तिथं सगळ्यात आधी हायबरनेटचा आयकॉन करा. रोजच्या संध्याकाळी शटडाउन ठीक आहे, आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. हायबरनेटचा आयकॉन मात्र लाइन असतानाच, नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून, एकदा चालवून बघा. संगणक पूर्ण थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. तो वेळ यूपीएसच्या दमापेक्षा जास्त निघाला, तर आधी बॅटरी बदला.