कॉपी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करताना पडद्यावरची पट्टी सरसर पुढे सरकते, शंभर टक्के होते आणि चौकट नाहीशी होते. आता फाइल कुठे आहे? पेनड्राइव्हमध्ये, असंच कुणीही म्हणेल. पण पुष्कळदा ती तिथे नसते! निदान पूर्ण तरी नसते. तिचा बराचसा भाग अजून संगणकाच्या रॅममध्येच असतो. नेमका त्याच वेळी पेनड्राइव्ह ओढून काढलात, तर फाइलचं नाव दिसेल, कदाचित आकारही दिसेल, पण ती उघडणार नाही.

दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये यूपीएससीची तयारी करणारी मुलं राहतात, त्यांत महाराष्ट्रातलीही पुष्कळ. नोट्स भरलेला पेनड्राइव्ह मित्राच्या मॅकमधून निघतो, झेरॉक्सच्या दुकानातल्या विंडोजमध्ये जातो आणि रात्री कुणाच्या तरी उबुंटू लॅपटॉपला लागतो. तीन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम, तिघींचे स्वभाव वेगळे. ते स्वभाव ओळखायचे असतील, तर पेनड्राइव्ह सोडून देताना त्या काय करतात ते पाहावं. दिसणं, रंग, मेनू यांपेक्षा ही तुलना मला फार खोलातली वाटते.

आधी प्रश्न असा, की संगणक काम पुरं होण्याआधीच ‘झालं’ का म्हणतो? रॅममध्ये एका सेकंदात हजारो एमबी मजकूर लिहिता येतो. साध्या पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग सेकंदाला दहा एमबीच्या आगेमागे. प्रत्येक वेळी पेनड्राइव्हची वाट पाहायची म्हटलं, तर सगळा संगणकच खोळंबेल. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मजकूर रॅममध्ये ठेवून घेते आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. सरकारी कचेरीत पत्राची जावक रजिस्टरमध्ये नोंद होते, क्रमांक पडतो, कागदोपत्री पत्र रवाना होतं. पाकीट मात्र शिपाई येईपर्यंत ट्रेमध्येच असतं. तसंच हे. ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ दाबणं म्हणजे ट्रे रिकामा झाल्याशिवाय दार लावू नका, असं सांगणं.

ह्या बाबतीत लिनक्स (उबुंटू हे तिचंच एक रूप) सर्वांत मोकळ्या मनाची. रॅम मोकळी दिसली की ती सढळ हाताने वापरते. नेहमीच्या मांडणीत मोकळ्या रॅमच्या वीस टक्क्यांपर्यंत न उतरवलेला मजकूर ती साठू देते. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा आकडा सहज एक-दीड जीबीपर्यंत जातो. दर पाच सेकंदांनी एक यंत्रणा जागी होते आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर उतरवायला घेते. म्हणून उबुंटूवर एक जीबीची फाइल डोळ्यांदेखत ‘कॉपी’ होते, पण पेनड्राइव्ह काढायला गेलात की सूचना येते: अजून लिहिणं चालू आहे, काढू नका. अनेकांना वाटतं लिनक्स अडकली. खरं म्हणजे कॉपीचं खरं काम तेव्हाच चाललेलं असतं! टर्मिनलवर ‘सिंक’ ही चार अक्षरी आज्ञा दिली, तर साठलेलं सगळं ताबडतोब उतरवलं जातं. युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेली ही आज्ञा आजही जशीच्या तशी चालते.

विंडोजचा स्वभाव मध्येच बदलला. पूर्वी बाहेरच्या डिस्कसाठीही वेगाला झुकतं माप होतं, म्हणजे साठवून ठेवा, मग लिहा. पण लोक काही ऐकेनात. पेनड्राइव्ह ओढून काढायची सवय जगभर सारखीच होती. अखेर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ ह्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ‘क्विक रिमूव्हल’ हा आपसूक नियम केला: बाहेरच्या डिस्कसाठी साठवण टाळा, थेट लिहा, वेग थोडा कमी झाला तरी चालेल. कोट्यवधी माणसांच्या अधीर हातांसाठी एवढी मोठी कंपनी आपल्या प्रणालीचा नियम फिरवते, हे मला विलक्षण वाटतं. तरी लिहिणं चालू असताना ओढलंत, तर हा नियमही वाचवू शकत नाही.

मॅक मात्र पहिल्या दिवसापासून शिस्तीची. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशवर फ्लॉपी बाहेर काढायचं बटणच नव्हतं! पडद्यावरचं फ्लॉपीचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यावर सोडायचं. मग मॅक उरलेला मजकूर लिहून टाकायची आणि आतल्या मोटरने फ्लॉपी स्वतःच बाहेर ढकलायची. वापरणाऱ्याला घाई करायला वावच नव्हता. (अगदीच अडलं, तर शेजारच्या बारीक भोकात पेपर क्लिप सरळ करून खुपसावी लागे.) यूएसबीच्या काळात पेनड्राइव्ह पकडून ठेवणं मॅकला शक्य नाही, पण न सांगता काढला की ‘डिस्क नीट बाहेर काढली नाही’ अशी तक्रार ती अजूनही हमखास करते.

झेरॉक्सच्या दुकानातल्या पडद्यावर मॅकची आणखी एक खूण बऱ्याचदा दिसते. प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची, सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली इवलीशी जुळी फाइल. व्हायरस समजून लोक घाबरतात. पण मॅक फाइलबरोबर काही जास्तीची माहिती बाळगते आणि पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीत तिला जागाच नाही. म्हणून ती वेगळी जुळी फाइल तयार होते. मूळ फाइल सोडून हिचीच प्रिंट काढायला गेलात, तर ती उघडणार नाही, एवढंच.

ही ‘जुनी मांडणी’ किती जुनी? १९७७! बिल गेट्स आणि मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी रचलेली फॅट ही पद्धत. तिचीच वाढलेली पिढी, फॅट३२, आजही असंख्य पेनड्राइव्हवर आहे. कल्पना साधी. डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडायचे आणि सुरुवातीला एक तक्ता ठेवायचा. तक्त्यात प्रत्येक तुकड्यासमोर ‘पुढचा भाग अमुक क्रमांकाच्या तुकड्यात’ एवढंच लिहायचं. तुमची शंभर पानांची पीडीएफ म्हणजे ह्या क्रमांकांची साखळी. मजकूर उतरला पण तक्त्यातली नोंद राहिली, तर मजकूर असूनही सापडत नाही. नोंद झाली आणि मजकूर राहिला, तर नाव आहे पण आत काही नाही. घाईने काढलेल्या पेनड्राइव्हचे बहुतेक विकार ह्या दोनांपैकी एक असतात. फॅट३२ मध्ये तक्त्याची दुसरी प्रतही ठेवलेली असते, शिवाय ‘काम अर्धवट आहे’ असं सांगणारा एक बिट. इजेक्ट केलं की तो बिट पूर्ववत होतो. तसाच राहिला, तर पुढच्या वेळी विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ असं सुचवते. एका बिटात केवढा निरोप!

चौसष्ट जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर पाच जीबीचा सिनेमा का मावत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार लिहायला बत्तीस बिटांची जागा ठेवली आहे, आणि तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे ४,२९४,९६७,२९५. चार जीबीला एक बाइट कमी. त्यापुढचा आकार लिहायलाच जागा नाही. यावर उतारा म्हणून २००६ मध्ये एक्सफॅट आली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही ती आली. आज तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा पेनड्राइव्ह हवा असेल, तर एक्सफॅटच निवडावी. पण तिच्यात सहसा तक्त्याची दुसरी प्रत नसते, म्हणून इजेक्ट करण्याची गरज आणखी वाढते.

विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ ह्या जास्त सावध. काय करणार आहोत ते आधी लिहून ठेवायचं, मग करायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मागचा धागा सापडतो. पण मॅक एनटीएफएस वाचते आणि तिच्यावर लिहायला नकार देते. आणि ईएक्सटी४ चा पेनड्राइव्ह विंडोजला लावला, तर समोर येतं: ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा.’ इथे जिवापाड सांभाळा! डिस्क बिघडलेली नसते, विंडोजला ती वाचता येत नसते. ‘कॅन्सल’ दाबा, पेनड्राइव्ह काढा, लिनक्सला लावा; सगळं जागच्या जागी असतं.

आता अगदी चिपच्या आत जाऊ. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. हिच्यात अक्षरं साठतात ती कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या रूपात. इलेक्ट्रॉनभोवती चहूबाजूंनी विद्युतरोधक भिंत, जाडी सुमारे दहा नॅनोमीटर. भिंतीला दार नाही. मग इलेक्ट्रॉन आत जातात कसे? भिंत न फोडता, आरपार! क्वांटम भौतिकीत ज्याला टनेलिंग म्हणतात, तेच इथे घडतं. त्यासाठी लागतो वीस व्होल्टच्या आसपासचा दाब. यूएसबीतून मिळतात पाच. उरलेला दाब चिपमधलंच एक चिमुकलं मंडल टप्प्याटप्प्याने चढवतं. प्रवेशपत्राची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेताना हे सगळं तुमच्या बोटांपासून काही मिलिमीटरवर घडत असतं.

गंमत अशी, की ह्या चिपवर लिहिता येतं छोट्या पानांत, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. म्हणून आतला कंट्रोलर जुना मजकूर इकडून तिकडे हलवत राहतो आणि कुठलं काय कुठे गेलं याची स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला याचा पत्ताही नसतो. त्यामुळे ह्या उलथापालथीत वीज तुटली, तर नव्या फाइलबरोबर कधीकाळची जुनी फाइलही जाऊ शकते. पेनड्राइव्हवर दिवा असेल, तर इजेक्ट केल्यावरही तो लुकलुकायचा थांबेपर्यंत दम धरावा.

हाच कंट्रोलर खोटंही बोलू शकतो. बाजारात अतिशय स्वस्त मिळणारे काही ‘एक टीबी’चे पेनड्राइव्ह आत थोड्याच जीबीचे असतात. कंट्रोलर मोठा आकडा सांगतो, तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिम तो निमूट मानतात आणि जागा संपल्यावर मजकूर हरवू लागतो. दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या बाजारात किंवा कुठेही खरेदी केलीत, तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम चालवा. ते पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून, खरी क्षमता दाखवतात.

प्लगमध्येही एक नवल आहे. यूएसबीच्या जुन्या चौकोनी टोकात चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन मजकुराच्या. नीट निरखून पाहा: कडेच्या पट्ट्या सुमारे एक मिलिमीटर लांब आहेत! म्हणून लावताना वीज आधी पोचते, मग संभाषण सुरू होतं. काढताना संभाषण आधी तुटतं, वीज शेवटी जाते. चालू संगणकाला वस्तू बिनधास्त जोडता याव्यात, ही सगळी सोय त्या मिलिमीटरवर उभी आहे. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आणणाऱ्या इंटेलच्या गटाचे म्होरके अजय भट्ट हे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी प्रिंटर किंवा माउस बदलायचा तर बहुतेक वेळा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागे. इंटेलने हे तंत्र सर्वांना विनाशुल्क खुलं ठेवलं. २०२५ च्या पद्म पुरस्कारांत भट्ट यांना पद्मश्री जाहीर झाली.

इतकं सहज जोडता येणं धोक्याचंही ठरलं. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणक-विषाणू पेनड्राइव्हवरून पसरे. विंडोजमध्ये त्यातल्या फाइलींची चित्रं नुसती पडद्यावर उमटली तरी पुरे, काही उघडायचीही गरज नव्हती. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रासाठी घडवलेला तो विषाणू सर्वाधिक पसरलेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा क्रमांक होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधलाही, पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याचा प्रकार बंद केला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली, की दिल्लीत संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी ‘माया’ ही उबुंटूवर बेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम आणि जोडीला ‘चक्रव्यूह’ ही संरक्षण यंत्रणा बसवणार आहे. लिनक्समुळे विषाणूंपासून आपोआप सुटका होते असं नाही. पण तिचा गाभा उघडा असतो, वाचता येतो, हवा तसा बदलता येतो. संरक्षण मंत्रालयाला ती मोकळीक मोलाची वाटली, तर नवल नाही.

आता त्या कोंडलेल्या इलेक्ट्रॉनबद्दल एक शेवटची गोष्ट. भिंत कितीही चांगली असली, तरी वर्षानुवर्षांत ते थोडेथोडे निसटतात, आणि उष्णतेने हा वेग वाढतो. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, उन्हातल्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर. डॅशबोर्डच्या खणात विसरलेला, वर्षानुवर्षे न लावलेला पेनड्राइव्ह अशा वेळी आपला मजकूर हळूहळू गमावत असतो. तेव्हा लग्नाचे फोटो, पदव्यांचे स्कॅन, जमिनीची कागदपत्रं एका पेनड्राइव्हच्या भरवशावर ठेवू नका. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घ्या, आणि जमल्यास तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे. कॉपी पूर्ण झाल्यावर डिस्क इजेक्ट करा, पुन्हा लावा आणि दोन-चार फाइली उघडून पाहा. इजेक्ट करण्याआधीच उघडल्यात, तर संगणक रॅममधलीच प्रत दाखवू शकतो.