पेरिस्टाल्सिस म्हणजे काय? अर्थ, वापर आणि मुलांना समजवायचं कसं



पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं अशी नावं फळ्यावर लिहितो. आकृती काढतो, बाण दाखवतो. पण त्या बाणामागे काय आहे? अन्न पुढे जातं ते कोणाच्या जोरावर? बहुतेक मुलांचं उत्तर ठरलेलं असतं, "सर, ते खाली पडतं." विहिरीत दगड पडावा तसं. हे उत्तर तसंच राहू दिलं तर पुढचं सगळं पचन मुलांना नीट कळत नाही. म्हणून आज या एका शब्दाबद्दल लिहितो.

पेरिस्टाल्सिस हा शब्द मूळ ग्रीक भाषेतून आला आहे. 'पेरी' म्हणजे भोवती, सभोवार. पुढच्या भागाचा अर्थ आवळणं, दाबणं. मराठीत यासाठी क्रमसंकोच किंवा क्रमाकुंचन असे शब्द वापरतात. मला यातली गंमत अशी वाटते की ग्रीक शब्द 'भोवतीने आवळणं' एवढंच सांगतो आणि मराठी शब्द 'क्रमाने आवळणं' सांगतो. दोन्ही एकत्र केले की चित्र पूर्ण होतं. नळीच्या भिंतीतले स्नायू भोवतीने आवळले जातात, आणि ही आवळण एका जागी न राहता लाटेसारखी पुढे सरकत जाते. मात्र 'संकोच' म्हटलं की मुलांना लाजणं आठवतं, तेव्हा संकोच म्हणजे आक्रसणं हे आधी सांगून टाकावं. लाजणारं मूलही अंग आक्रसूनच उभं असतं की!

आता हे घडतं कसं? अन्ननलिका आणि आतडी यांच्या भिंतीत स्नायूंचे दोन मुख्य थर असतात. आतल्या थरातले तंतू कड्यांसारखे गोल, बाहेरच्या थरातले लांबीच्या दिशेने. घासाच्या मागची कडी आवळते, पुढचा भाग सैल पडतो, घास पुढे सरकतो. मग तिथली कडी आवळते. असं चालूच. मुलांना यासाठी बर्फाच्या पेप्सीइतकं चांगलं उदाहरण नाही. पिशवी मागून चिमटीत दाबत आणायची की गोळा तोंडाशी येतो. फरक एवढाच की तिथे बोटं आपली असतात, आतड्यात नळी स्वतःच स्वतःला दाबते. वर्गात करून दाखवायचं तर जुन्या लेगिंगचा एक पाय घ्या, त्यात रबरी चेंडू घाला आणि एका ओळीत उभ्या केलेल्या मुलांना तो पायजमा धरायला सांगा. ज्याच्या हातापुढे चेंडू येईल त्याने मूठ आवळायची, पुढच्याने हात सैल सोडायचा. एखाद्याने चुकून आधीच आवळलं की चेंडू अडतो. पुढचा भाग सैल पडणंही तितकंच गरजेचं, हे तेव्हाच पटतं.

हा नियम नीट मांडला तो विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्लंडमधल्या दोन शास्त्रज्ञांनी, १८९९ मध्ये. दोघं नात्याने मेहुणे. त्यांनी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर प्रयोग केले. आतड्याला एका जागी ताण दिला की त्याच्या मागे आवळण आणि पुढे शिथिलता येते, आणि बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी हे चालू राहतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे आतड्याच्या भिंतीतच स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. घास गिळायला सुरुवात करणं आपल्या हातात असतं. तो घशाच्या मागे गेला की मग आपल्या इच्छेचा संबंध संपतो.

मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंमी लांब असते आणि घास तिच्यातून ८ ते १० सेकंदांत जठरात पोहोचतो. पाणी उभ्याने प्यायलं तर ते वजनानेही पटकन उतरतं, पण वजनावरच सगळं अवलंबून नाही. गाय हौदात मान खाली घालून पाणी पिते ते पाणी वर चढतंच ना? १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांनी अवकाशात ट्यूबमधून सफरचंदाचा गर खाल्ला, तोही व्यवस्थित खाली गेला. "खाली पडतं" म्हणणाऱ्या मुलांसमोर ही दोन उदाहरणं ठेवा. (डोक्यावर उभं राहून पाणी प्यायचा प्रयोग मुलं घरी करतील, तेवढा आधीच बजावून ठेवा. ठसका लागतो.)

गाईचीच आणखी एक गोष्ट. ती रवंथ करते तेव्हा अन्ननलिकेत लाट उलटी, खालून वर जाते. माणसाच्या उलटीत मात्र मुख्य जोर पोटाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंचा असतो.

हा शब्द फक्त अन्नापुरता नाही. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्यांतही मूत्र अशाच लाटांनी पुढे ढकललं जातं. पावसाळ्यात मैदानावर गांडूळ दिसलं की मुलांना थांबवून दाखवा, ते कुठे बारीक होतं, कुठे जाड होतं. गोल आणि लांब स्नायूंचा तोच खेळ. डायलिसिसच्या यंत्रातला पंपही नळी बाहेरून रुळाने दाबत रक्त पुढे सरकवतो, म्हणून त्याला पेरिस्टाल्टिक पंप म्हणतात. पण हृदयाची धडधड, थंडीने भरणारं हुडहुडं, पायात येणारा गोळा, उचकी, यांना हा शब्द लावत नाहीत.

पालकांना हा शब्द बहुधा पहिल्यांदा सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये भेटतो. 'पेरिस्टाल्सिस नॉर्मल' असं लिहिलेलं असेल तर आतड्यांची हालचाल ठीक आहे एवढाच त्याचा अर्थ. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर पोटावर स्टेथोस्कोप ठेवतात आणि "गॅस सुटला का?" असं विचारतात, ते याचसाठी. ऑपरेशननंतर आतडी काही काळ मंदावतात. ती पुन्हा चालू लागल्याची ती खूण असते.

भूक लागली की आपण पोटात कावळे ओरडतात म्हणतो. रिकाम्या पोटी साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यापर्यंत एक जोरदार लाट जाते, उरलंसुरलं झाडून नेते. गुडगुड आवाज येतो तो आतली हवा आणि पाणी ढवळल्याचा.

आणि खिचडी खाऊन झाल्याबरोबर जे मूल संडासला जाऊ का विचारतं, ते टंगळमंगळ करतंय असं लगेच धरू नका. जठर भरलं की मोठ्या आतड्यातल्या लाटा वाढतात, हे शरीराचं साधं गणित आहे. त्याला रोखलं, किंवा शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून त्याने स्वतःच रोखलं, तर मळ तिथेच थांबून कोरडा होतो. रोजची सवय झाली की आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि शंकेची जाणीवच बोथट होते. मग बद्धकोष्ठ, दुखणं, आणि दुखतं म्हणून पुन्हा रोखणं. मला तरी वाटतं, या पाठाचा खरा उपयोग इथे आहे. जेवणानंतरची पाच-दहा मिनिटं मुलांना मोकळी द्यावीत आणि घरी सकाळी नाश्त्यानंतर त्यांना शांतपणे बसू द्यावं.

एक गोष्ट मात्र पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. मूल पोटदुखीने कळवळतंय, पोट फुगलंय, हिरवट उलट्या होताहेत, शौच आणि गॅस दोन्ही बंद आहेत, तर घरचं एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नये. वाट अडलेली असताना औषधाने लाटांचा जोर वाढवला तर आतड्याला इजा होऊ शकते. अशा वेळी काही खाऊपिऊ न घालता सरळ दवाखाना गाठावा.