चौदा इलेक्ट्रॉन-व्होल्टला हायड्रोजन बाजू घेतो

हायड्रोजनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू असतात. डावा कोणता आणि उजवा कोणता, हे ठरवायला काही खूणच नाही. त्यावर एक इलेक्ट्रॉन सोडला, रेणू तुटला आणि एका अणूने तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ठेवून घेतला, तर तो ऋणभारित अणू कुठे उडेल? कोणीही सांगेल, जितके पुढे तितकेच मागे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, हे मोजून पाहिले गेले आणि उत्तर वेगळे आले. ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि ब्रिटनचे नायजेल मेसन यांचा तो शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर फिजिक्स’मध्ये छापून आला.

विखुरणे म्हटले की आम्हा नागपूरकरांना रामन आठवतात. १९१० साली ते इथल्या लेखा कार्यालयात अधिकारी होते, आणि गांधीसागरजवळचे विज्ञान केंद्र आज त्यांच्याच नावाने उभे आहे. रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग पाहिला. इथे पाहायचा आहे तो कोन.

कोनाला एवढे महत्त्व का? अशी अभिक्रिया सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही लाखाव्या भागात आटोपते. ती घडताना आत डोकावता येत नाही. हाती लागतात ते फक्त उडालेले तुकडे. पण कॅरममध्ये सोंगटी कुठे गेली यावरून स्ट्रायकर तिला समोरून बसला की कडेला घासून गेला, हे जाणता खेळाडू सांगतो. रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अल्फा कणांच्या कोनांवरूनच अणूचे केंद्रक ओळखले. पुढे डडली हर्शबाख यांनी रासायनिक अभिक्रियांना हाच प्रश्न विचारला. पोटॅशियमचा अणू मिथाइल आयोडाइडवर आदळला की तयार झालेले पोटॅशियम आयोडाइड आल्या वाटेने मागे फेकले जाते. तोच पोटॅशियम ब्रोमिनच्या रेणूजवळून गेला, तर लांबूनच एक ब्रोमिन ओढून घेऊन पुढे निघून जातो. अणू तोच, पण कोन निराळा, कारण आतली घटनाच निराळी. या वाटेवरच्या कामासाठी हर्शबाख, युआन ली आणि जॉन पोलानी यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. हायड्रोजनचा बंध तोडायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सुट्या अणूने इलेक्ट्रॉन पकडला की त्यातले ०.७५ परत मिळतात. म्हणजे पावणेचारच्या आसपास ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉनही हे काम करू शकतो. पण दुसरा, भाररहित अणू उत्तेजित अवस्थेत बाहेर पडायचा असेल, तर आणखी १०.२ मोजावे लागतात. बेरीज होते चौदाच्या जवळ. गंमत तिथेच घडते.

मोजणीची युक्ती मला फार देखणी वाटते. निर्वात पेटीत वायूची बारीक धार सोडायची आणि इलेक्ट्रॉनांचे छोटे छोटे झोत तिला आडवे न्यायचे. ऋणभारित अणू सर्व दिशांना पसरत फुगत्या गोलासारखे होतात. विद्युतक्षेत्राने त्यांना शोधकाकडे ढकलायचे आणि गोलाचा नेमका मधला काप तेवढा टिपायचा. त्या एका चित्रात वेग आणि कोन दोन्ही मिळतात. इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलली की चित्र बदलते.

रेणू इलेक्ट्रॉन पकडतो तेव्हा क्षणभर एक ऋणभारित रेणू तयार होतो. तो एकाच अवस्थेतून तुटला, तर पुढचे-मागचे चित्र सारखेच यायला हवे. सममितीचा नियमच तसा आहे. चौदाजवळ मात्र दोन्ही बाजूंना अणू सारख्या संख्येने गेले नाहीत. संशोधकांचे स्पष्टीकरण असे: एकच इलेक्ट्रॉन रेणूला एकाच वेळी दोन अवस्थांत नेतो. एक सम, दुसरी विषम. दोन्ही वाटांच्या तरंगांची एका बाजूला बेरीज होते, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. अशा दुहेरी वाटा याआधी लेसरच्या शिस्तबद्ध प्रकाशाने उघडल्या गेल्या होत्या. इथे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. प्रत्येक इलेक्ट्रॉनने एकट्याने ते घडवले.

यावर कळस म्हणजे ड्युटेरियमची मोजणी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनच, फक्त केंद्रक दुप्पट जड. त्यात हा पक्षपात फारच कमी दिसला. जड अणू सावकाश दूर होतात, तेवढ्यात दोन वाटांचा आपसातला ताल बदलतो. तीन इलेक्ट्रॉन आणि दोन केंद्रके, एवढ्याच संसारात इतकी गुंतागुंत असते!

ही दूरच्या कुठल्या देशातली गोष्ट नाही, आपल्याच राज्यात झालेले काम आहे. नागपुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच माझी विनंती आहे: हायड्रोजनचा रेणू फळ्यावर काढाल, तेव्हा मुलांना कुलाब्यातल्या या प्रयोगाबद्दल जरूर सांगा, आणि उत्तर सांगण्याआधी अणू कुठे उडेल हा प्रश्न त्यांना विचारा.