अकरा जमवणारी टीम

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाच्या क्रिकेट क्लबात सर्वांत अवघड पद कोणतं, असं विचारलं तर बाहेरचा माणूस पहिल्या संघाच्या कप्तानाचं नाव घेईल. क्लबातली जुनी माणसं मात्र दुसऱ्या संघाच्या, म्हणजे ‘सेकंड्स’च्या कप्तानाकडे बोट दाखवतात. पहिल्या कप्तानाला संघ निवडायचा असतो. दुसऱ्याला जमवायचा असतो.

जमवाजमव शुक्रवारी रात्री सुरू होते असं कुणाला वाटेल, पण शुक्रवारी रात्री ती मोडायला लागते. मंगळवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर बारा जणांनी होकार कळवलेला असतो. मग पहिल्या संघातल्या कुणाची तरी पाठ धरते आणि सेकंड्समधला सर्वांत भरवशाचा गोलंदाज वर जातो. शनिवारी सकाळी आणखी एक फोन येतो : मुलाला ताप आहे. आता कप्तानाच्या हातात उरते ती क्लबाची जुनी वही आणि भीड. कुणाचा जावई भेटीला आलेला असतो, कुणी दहा वर्षांपूर्वी बॅट खाली ठेवलेली असते, कुणाचा तेरा वर्षांचा मुलगा घरी बसून कंटाळलेला असतो. दुपारी एकला टॉस. नऊ जणांनी मैदानात उतरणं ही सेकंड्सच्या दुनियेत बातमी नव्हे.

एवढा आटापिटा कशासाठी, तर लीगमधल्या चाळीस-पंचेचाळीस षटकांच्या एका सामन्यासाठी, ज्याला प्रेक्षक म्हणून दोन आया, एक आजोबा आणि कुत्रं फिरवायला आलेला एक गृहस्थ असतो. खेळणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. उलट प्रत्येकानं मॅच फी भरायची असते. चेंडूचा, मैदानाचा, लीगच्या वर्गणीचा खर्च त्यातूनच निघतो.

इंग्रजांनी गावच्या क्रिकेटभोवती भरपूर मखर रचलं आहे. त्याला आधारही आहे. हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डन गावचा क्लब अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अख्ख्या इंग्लंडला भारी होता. ब्रॉडहाफपेनी डाउन हे त्यांचं टेकडीवरचं मैदान आणि समोरचा ‘बॅट अँड बॉल’ पब आजही आहे. 1775 साली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर ‘लम्पी’ स्टीव्हन्सचे चेंडू तीनदा हॅम्बल्डनच्या जॉन स्मॉलच्या दोन स्टंपांमधून आरपार गेले आणि बेल काही पडली नाही. मधला तिसरा स्टंप आला तो या अन्यायानंतर. पुढे ए. जी. मॅकडोनेलच्या ‘इंग्लंड, देअर इंग्लंड’ या 1933 च्या कादंबरीनं गावच्या सामन्याचं असं काही चित्र रंगवलं, की लांबलचक धाव घेऊन येणारा लोहार गोलंदाज इंग्रजांच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. 1972 पासून गावांची राष्ट्रीय नॉकआउट स्पर्धा भरते. कॉर्नवॉलच्या ट्रूननं ती पहिल्याच वर्षी जिंकली. अंतिम सामन्याचं मैदान लॉर्ड्सचं ठरलेलं. पण हे सगळं वैभव पहिल्या संघाचं. सेकंड्सनी बसमधून जायचं, टाळ्या वाजवायच्या आणि परतताना गाणी म्हणायची.

आता गावात लोहार नाही. त्याच्या जागी प्लंबर आहे, शाळामास्तर आहे, सरकारी इस्पितळातला डॉक्टर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी पुण्या-हैदराबादहून नोकरीसाठी आलेला सॉफ्टवेअरवाला आहे. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला हा गडी एप्रिलमधल्या ओल्या खेळपट्टीवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याचा अर्धा खेळ बाद होतो. चेंडू पडल्यावर थांबून येतो, ड्राइव्ह हवेत जातो, आणि थंडीनं बधिर झालेल्या बोटांना झेल म्हणजे शिक्षा वाटते. त्याच्या मनगटी फिरकीवर मात्र समोरचा संघ जूनपर्यंत चाचपडत राहतो. अशा चार-पाच जणांच्या जोरावर दुसरा संघ टिकवून धरलेले क्लब कमी नाहीत.

माझ्या मते सेकंड्सची खरी करामत वयात आहे. पासष्टीचा माणूस आणि तेरा वर्षांचा पोरगा एकाच संघात, खऱ्याखुऱ्या गुणांसाठी, एकाच चेंडूनं खेळताहेत हे दुसऱ्या कुठल्या खेळात सहजी दिसत नाही. फुटबॉलमध्ये म्हातारा पहिल्या दहा मिनिटांत धापा टाकील. इथे तो स्लिपमध्ये उभा राहतो, वाकायचं टाळतो आणि दुपारभर गोलंदाजाला फुकटचे सल्ले देतो. बॅटिंगला आला की एक धाव सुद्धा पळत नाही, पण लेट कट अजून शाबूत असतो. पोरगा दहाव्या नंबरवर येतो, सात चेंडू अडवतो आणि परतताना दोन्ही संघ टाळ्या वाजवतात.

त्यासाठी कप्तानाला नियमावली पाठ असावी लागते. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं पोरांच्या काळजीचे दंडक घालून दिले आहेत. अठराच्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं. पंधराच्या आतल्या मुलानं फलंदाजापासून आठ यार्डांच्या आत उभं राहायचं नाही. तेराच्या आतल्यांसाठी हे अंतर अकरा यार्ड. वेगवान टाकणाऱ्या पोरांच्या षटकांना वयानुसार मर्यादा. म्हणजे विकेट मिळवून देणारा एकमेव मुलगा ऐन रंगात असताना कप्तानाला त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यावा लागतो, आणि तो ज्याला द्यायचा त्याचा गुडघा बांधलेला असतो.

पंचांचा प्रकार याहून मजेशीर. खालच्या विभागांत नेमलेले पंच क्वचित मिळतात, म्हणून बॅटिंग करणाऱ्या संघातलेच दोघं पांढरा कोट चढवून उभे राहतात. आपल्याच सलामीवीराला पायचीत द्यायचं की नाही हा प्रश्न इंग्लिश सभ्यतेची कसोटी पाहतो. काही जण उभ्या हंगामात बोट वर करत नाहीत. काही जण आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला पॅडला लागलेला प्रत्येक चेंडू स्टंपावर धाडतात, आणि संध्याकाळी पबमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही.

मैदान हा वेगळाच विषय. बहुतेक क्लबांकडे एकच धड मैदान असतं, त्यामुळे पहिला संघ घरी खेळला की दुसरा परगावी जातो. जिथे दोन मैदानं आहेत तिथे सेकंड्सच्या वाट्याला शाळेचं किंवा गावाचं सार्वजनिक हिरवळीचं येतं : एका बाजूला उतार, दुसरीकडे काटेरी झुडपं, मधून लोकांचा जायचा-यायचा हक्काचा रस्ता. चेंडू खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलच्या गचपणात गेला की सगळी माणसं शोधायला लागतात. पूर्वी ‘लॉस्ट बॉल’ असा स्वतंत्र नियम होता. क्षेत्ररक्षकानं तसं ओरडलं की फलंदाजाला सहा धावा, किंवा त्यानं त्याहून जास्त पळून काढल्या असतील तर तेवढ्या. 2017 च्या नव्या संहितेनं तो काढून टाकला. आता पंच डेड बॉल देतात. सेकंड्सच्या खेळाडूला या बदलाचं दुःख कसोटीपटूपेक्षा नक्कीच जास्त झालं असणार.

आणि कुंपणापलीकडे घरं असतात. ईशान्य इंग्लंडमधल्या लिंट्झ गावचं मैदान 1970 च्या दशकात सत्तरेक वर्षं जुनं होतं. त्याच्या कडेला 1972 मध्ये एका जोडप्यानं नवं घर घेतलं आणि उन्हाळ्यात त्यांच्या बागेत षटकार पडू लागले. क्लबनं उंच कुंपण घातलं, फुटलेल्या कौलांचे पैसे देऊ केले; भागलं नाही. खालच्या कोर्टानं खेळावर मनाईहुकूम दिला. 1977 मध्ये ‘मिलर विरुद्ध जॅक्सन’ हा खटला अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर गेला आणि त्यांनी निकालपत्राची सुरुवातच गावच्या क्रिकेटच्या कौतुकानं केली. बाकीच्या दोन न्यायमूर्तींनी उपद्रव आणि निष्काळजीपणा मान्य केला. तरी मनाईहुकूम बहुमतानं उठला आणि क्लबनं 400 पौंड भरपाई द्यावी असं ठरलं. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अजून अभ्यासतात. अशी भांडणं मात्र मिटलेली नाहीत. ससेक्समधला साउथविक अँड शोरहॅम हा क्लब 1790 पासूनचा. शेजाऱ्यांच्या खिडक्या, गाड्या आणि विम्याच्या खर्चाला कंटाळून त्यानं 2024 मध्ये आपल्या मैदानावर षटकारच बंद केले. पहिल्या षटकाराला शून्य धावा, पुढच्याला फलंदाज बाद. आपल्याकडे गल्लीत काकूंच्या गॅलरीत चेंडू गेला की आउट, हा कायदा आपण कितीतरी आधी केला होता. फक्त त्याला इतिहासाची जोड नव्हती.

चहाबद्दल लिहायला हवं, कारण तोही बदलला. दोन डावांच्या मधे सँडविच, केक आणि मोठ्या किटलीतला चहा ही यजमानांची जबाबदारी असायची, आणि ती मुकाट्यानं बायकांवर पडायची. 2020 च्या साथीत चहा बंद झाला. नंतर बऱ्याच लीगनी तो सक्तीचा ठेवला नाही. आता अनेक ठिकाणी ज्यानं त्यानं आपला डबा आणायचा. जुने खेळाडू हळहळतात. सँडविच कापणाऱ्यांपैकी कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मे-जूनमध्ये सोळा वर्षांची पोरं शालान्त परीक्षेत गुंततात, ऑगस्टमध्ये कुटुंबं समुद्रावर जातात, आणि ऐन बढतीच्या झगड्यात कप्तानाकडे सात जण उरतात. बढती मिळाली तरी तिचं सुख शंभर टक्के नसतं. वरच्या विभागात गोलंदाज अधिक जोरात टाकतात, हे त्या पासष्टीच्या स्लिपवाल्याला चांगलं ठाऊक असतं. शिवाय तोवर पोरगा पहिल्या संघानं हेरलेला असतो. सेकंड्सनं घडवायचं आणि वरच्यांनी न्यायचं, हाच इथला रिवाज, आणि त्याबद्दल कुरकुर करणारा कप्तान मला अजून खरा वाटलेला नाही. पोरगा वर गेला की सगळ्यांत आधी तोच सांगत सुटतो.

शेवटच्या सामन्यानंतर खेळपट्ट्यांचा चौक दुरुस्त करायचा असतो. मेलेलं गवत यंत्रानं ओरबाडून काढायचं, बी पेरायचं आणि वर चिकणमातीच्या पोत्यांमागून पोती पसरायची. हे सप्टेंबरातच उरकावं लागतं. जमीन गार पडली की बी रुजत नाही. या कामाला येणाऱ्यांत सेकंड्सचेच जास्त असतात. त्या दिवशी अकरा भरले का हे कुणी मोजत नाही, कारण क्लबाकडे दाताळीच चार असतात.