बिनतारी चौक्यांची काटकसर

भोरजवळच्या उत्रोलीच्या शिवारांत उभें राहिलें म्हणजे सह्याद्रीचे फांटे दृष्टीस पडतात. अशा उतारांवरील माती पावसाळ्यांत किती पाणी प्याली आहे हें वेळेवर कळणें किती मोलाचें, तें आपल्याच जिल्ह्यांतील माळीण गांवानें ३० जुलै २०१४ रोजीं दाखविलें. दरडीखालीं सुमारें दीडशें माणसें गेलीं. ऐन आषाढांत उतारावर पहारेकरी बसवितां येत नाहीं. परंतु बिनतारी संवेदक बसवितां येतात. केरळांत मुन्नार येथें अमृता विद्यापीठानें दरडीच्या उतारावर असें जाळें उभारलें आहे.

अशा प्रत्येक चौकींत मापनयंत्र, लहानसा प्रेषक आणि बॅटरी असते. मोजण्यास शक्ति थोडी लागते, बोलण्यास फार. लहरी पसरत जातात, म्हणून अंतर दुप्पट झालें कीं खर्च निदान चौपट होतो. चार टप्प्यांचें अंतर एका दमांत तोडल्यास सोळा पट शक्ति लागेल. तोच निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे दिला तर चार एकपट खर्चांत भागेल. मात्र मधल्या प्रत्येक चौकीस ऐकण्याचाहि खर्च पडतो. तेव्हां टप्पे वाटेल तितके वाढवूनहि चालत नाहीं.

शिवाय जिच्यावर भार अधिक, ती चौकी आधीं मरते, आणि तिच्यामागील चौक्या जिवंत असूनहि मुक्या होतात. यावर इ. स. २००० मध्यें अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनीं 'लीच' नांवाची पद्धति मांडली. तिचा न्याय आपल्या पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखा आहे. चौक्या आपसांत टोळ्या करतात. प्रत्येक टोळीचा एक नाईक सर्वांचे निरोप गोळा करून, त्यांचें सार काढून, दूरच्या ठाण्यास कळवितो. इतर चौक्या आपली वेळ येईपर्यंत प्रेषक बंद ठेवतात. नाईकी कोणी वरून नेमीत नाहीं. प्रत्येक चौकी स्वतःशींच चिठ्ठी टाकते, आणि जिची पाळी होऊन गेली ती इतरांची होईपर्यंत थांबते. एखादी चौकी बंद पडली तरी पुढच्या फेरींत उरलेल्या आपली नवी घडी बसवितात.

परंतु श्रोतेहो, सार काढतांना एक धोका असतो. दहा चौक्यांपैकीं एकीनेंच माती सरकल्याचें सांगितलें आणि नाईकानें सरासरी कळविली, तर तो एकच खरा इशारा बुडून जाईल. म्हणून दरडीच्या जाळ्यांत नेहमींचीं मापें सावकाश, पण विपरीत माप तत्काळ, असा नियम ठेवावा लागतो. रोजच्या बोलण्यांत वाचविलेली शक्ति त्याच क्षणासाठीं शिल्लक हवी.